लग्नाच्या तीन तासांच्या व्हिडिओचे तुकडे पाडायचेत, तर आधी हे वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की आईबाबांच्या १९९८ च्या लग्नाची कॅसेट होती, ती मधे कधीतरी कुणीतरी डीव्हीडीवर करून दिली, ती आता २ तास ५० मिनिटांची आहे, नातेवाईक व्हॉट्सॲपवर मागतायत आणि एवढी मोठी फाईल काही जात नाही, तर मग दहा-दहा मिनिटांचे सतरा तुकडे करून ग्रुपवर टाकू का.

टाकू नका. मी सांगली-मिरज भागात १९९६ पासून लग्नं शूट करतोय, आधी दोन वर्षं नुसता हॅलोजन धरून उभा असायचो, आणि गेली पंधरा वर्षं जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेऊन द्यायचं काम जास्त करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून दोनदा तरी येतो. सुरुवातीला मीही घड्याळ लावून पाच-पाच मिनिटांचे पीस करून द्यायचो कारण सॉफ्टवेअरमधे ते एका बटणात होतं. एका घरी असे पीस दिले आणि त्यात आजीचा उखाणा बरोबर मधे तुटला, अर्धा सातव्या क्लिपमधे आणि आजोबांचं नाव आठव्यात. त्या आजी तोवर गेलेल्या होत्या, आवाज फक्त तेवढाच शिल्लक होता त्या घरात. नातीने फोन करून विचारलं की हे जोडून मिळेल का. जोडून दिलं, पण त्या दिवसापासून मिनिटं मोजून कापणं बंद केलं. आता मी प्रत्येक तुकडा पाडताना एकच विचारतो, हा कोणाला पाठवायचाय. तो माणूस ठरला की कुठे कापायचं, किती लांब ठेवायचं, कुठल्या साइजचा करायचा आणि कुठून पाठवायचा, सगळं आपोआप ठरत जातं.

पण कापायच्या आधी डिस्कचं बघा. घरी राइट केलेली डीव्हीडी कायम टिकत नाही, तिच्यातला डायचा, म्हणजे रंगद्रव्याचा थर वर्षांनी खराब होतो आणि मग एका ठिकाणी अडकायला लागते. म्हणून पहिलं काम म्हणजे अख्खी डिस्क हार्डडिस्कवर कॉपी करणं. उघडलीत तर व्हिडिओ-टीएस नावाचं फोल्डर दिसेल आणि त्यात एकेक जीबीच्या आसपासच्या चार-पाच व्हीओबी फाईली असतील. बरेच जण म्हणतात, अरे हे तर आधीच तुकडे आहेत की, आणि त्याच फाईली नाव बदलून पाठवायला लागतात. ते तुकडे लग्नाचे नाहीत, डीव्हीडीचा नियमच आहे की एक व्हीओबी १ जीबीच्या वर जाऊ द्यायची नाही, त्यामुळे एक फाईल संपते ती भटजींच्या अर्ध्या वाक्यात सुद्धा संपते. शिवाय त्या सुट्या वाजवल्या तर वेळ चुकीची दाखवतात, पुढे-मागे करताना उड्या मारतात.

यासाठी मेकएमकेव्ही नावाचं सॉफ्टवेअर आहे, डीव्हीडीसाठी फुकट चालतं. त्याला ते फोल्डर द्या, ते सगळ्या व्हीओबी सलग जोडून एक एमकेव्ही फाईल करून देतं, आणि महत्त्वाचं म्हणजे चित्र-आवाजाला हात न लावता करतं. नुसतं डब्यातून डब्यात ओतल्यासारखं आहे, दाणा तोच राहतो. ही झाली तुमची मास्टर फाईल. हिची एक कॉपी दुसऱ्या हार्डडिस्कवर ठेवा आणि हिच्यावर कधीच काही सेव्ह करू नका.

आता वही-पेन घेऊन बसा, आणि शक्य असेल तर आईला शेजारी बसवा. हे काम एकट्याने करण्यात अर्थ नाही, कारण स्क्रीनवरच्या निम्म्या माणसांना तुम्ही ओळखणार नाही आणि आई ओळखेल. व्हीएलसी नावाच्या व्हिडिओ प्लेअरमधे फाईल लावा, आणि वेळ लिहीत जा, ००:१२:४० सीमांतपूजन, ००:३१:०५ रुखवत, असं. पूर्ण २ तास ५० मिनिटं बघायची, पळवायची नाही. मला माहितीये हे कंटाळवाणं वाटतं पण खरं एडिटिंग इथेच होतं, नंतरचं सगळं नुसतं बटणं दाबणं आहे.

आणि बघताना एक लक्षात ठेवा, ज्या भागाला सगळे पळवतात तो भाग सगळ्यात मोलाचा असतो. म्हणजे आहेराची रांग. चाळीस-चाळीस मिनिटं स्टेजवर माणसं येतायत, पाकीट देतायत, फोटोला उभी राहतायत, उतरतायत. आम्ही शूट करताना सुद्धा कॅमेरा स्टँडवर लावून द्यायचो. पण त्या जवळजवळ तीन तासांत हा एकमेव भाग असा आहे की जिथे गावातलं प्रत्येक घर एकदा तरी समोरून, उजेडात, चेहरा दिसेल असं येतं. मामांचं कुटुंब, बाबांच्या ऑफिसातले लोक, वाड्यातल्या शेजारच्या काकू, आत्याची तेव्हा तीन वर्षांची असलेली मुलगी. त्यामुळे मी आहेराचा भाग नेहमी घराघराने कापतो, वीस सेकंदांचा एक, तीस सेकंदांचा एक, आणि ज्या घरचा आहे त्या घरी तोच पाठवायला सांगतो. आख्खं लग्न कोणी बघत नाही हो, पण तीस सेकंदांत आपली गेलेली आई चालत स्टेज चढताना दिसली तर माणूस ती क्लिप दहा वेळा बघतो. पंगतीचंही तसंच, लाइट रांगेतून सरकतो आणि माणसं हातातला घास तसाच धरून कॅमेऱ्याकडे बघतात, तिथे बरेच असे लोक सापडतात जे स्टेजवर आलेलेच नसतात. वाढपी, स्वयंपाकाला आलेल्या बायका, मागच्या दारातले म्हातारे.

मंगलाष्टकांना कापायची जागा आयती मिळते. प्रत्येक कडवं सावधानवर संपतं आणि मग क्षणभर अक्षतांचा गलबला. तिथे गलबला ओसरू द्या आणि पुढचा सूर लागायच्या आधी कापा. शेवटच्या मंगलाष्टकाला मात्र सावधान झाल्यावर लगेच कापू नका, अंतरपाट बाजूला होतो, वाजंत्री एकदम सुरू होते, हार घालतात, फटाके, कुणीतरी रडतं, ते सगळं पुढचे दीड-दोन मिनिटं एकसलग ठेवा. उखाण्यांना आधी दोन-तीन सेकंद सोडा, कारण आधी बायका घे गं घे गं म्हणत असतात, उखाणा घेणारी लाजून मान खाली घालते, ते आलं पाहिजे, आणि नंतरचं हसूही आलं पाहिजे. कापताना डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त विश्वास ठेवायचा. चित्र मधेच सुरू झालं तर चालतं, शब्द मधेच सुरू झाला तर कानाला लागतो. त्या काळच्या व्हिडिओ मिक्सरवर बदामाच्या आकारात, फुलाच्या आकारात सीन बदलायचे, तो बदल चालू असताना कापू नका, तो पूर्ण झाल्यावर कापा नाहीतर क्लिपच्या पहिल्या सेकंदाला अर्धा बदाम दिसतो.

आता प्रत्यक्ष कापणं. इथे एक गोष्ट समजून घ्या म्हणजे पुढे गोंधळ होणार नाही. व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मधून मधून एक पूर्ण चित्र असतं त्याला की-फ्रेम म्हणतात आणि त्याच्या पुढच्या फ्रेम्समधे फक्त काय बदललं तेवढंच असतं. त्यामुळे दर्जा न घालवता कापायचं तर सुरुवात की-फ्रेमवरूनच करावी लागते, मधूनच कापलं तर सुरुवातीला चित्र गोठलेलं किंवा चौकोनी चौकोनी फाटलेलं दिसतं, किंवा सॉफ्टवेअर गुपचूप मागच्या की-फ्रेमवर जातं आणि तुम्ही म्हणता मी तर इथे कापलं नव्हतं. तुमचं नशीब चांगलं आहे कारण डीव्हीडीत की-फ्रेम जवळजवळ असतात, आपल्याकडच्या पाल या टीव्ही सिस्टीमच्या डीव्हीडीत जास्तीत जास्त १५ फ्रेमला एक, आणि सेकंदाला २५ फ्रेम असतात, म्हणजे साधारण अर्ध्या सेकंदाला एक कापायची जागा मिळते. लग्नाच्या व्हिडिओला एवढं पुरतं. पण हीच फाईल जर तुम्ही आधी लहान करायची म्हणून कन्व्हर्ट केलीत तर त्यात दोन की-फ्रेममधे दहा-दहा सेकंदांचं अंतर पडू शकतं, मग नीट कापताच येत नाही आणि परत कन्व्हर्ट करावं लागतं, म्हणजे दोनदा दर्जा गेला. म्हणून क्रम पक्का ठेवा, आधी मास्टरमधून कापायचं, नंतर एकेक तुकडा एकदाच कन्व्हर्ट करायचा. लोक नेमकं उलटं करतात, आणि मग क्लिप व्हॉट्सॲपवर जाऊन आणखी एकदा दाबली जाते आणि चेहऱ्याच्या जागी मेण वितळल्यासारखं काहीतरी उरतं.

कापायला मी लॉसलेसकट वापरतो, गिटहबवर फुकट मिळतं. आय दाबलं की सुरुवात, ओ दाबलं की शेवट, प्रत्येक तुकड्याला नाव देता येतं, आणि सगळे तुकडे मांडून झाले की एकदम एक्स्पोर्ट होतात, तुमचे साठ-सत्तर तुकडे असतील तरी दोन-चार मिनिटांत बाहेर पडतात कारण ते नव्याने काही बनवत नाही, आहे तेच उचलून ठेवतं. डीव्हीडीचा एमपेग-२ या प्रकारचा व्हिडिओ त्याला थेट नीट दाखवता येत नाही, त्यासाठी ते एक तात्पुरती प्रीव्ह्यू कॉपी करून घेतं, घाबरू नका, कट मूळ फाईलवरच होतो. मोजकेच आठ-दहा तुकडे असतील तर एव्हीडेमक्स सोपं पडेल, त्यात वर-खालच्या बाणांनी सरळ की-फ्रेम ते की-फ्रेम उडी मारता येते, ए आणि बी खुणा लावायच्या, व्हिडिओ ऑडिओ दोन्ही कॉपीवर ठेवायचे आणि सेव्ह.

नावं देताना वर्ष आणि नंबर आधी घाला, १९९८-लग्न-२३-आहेर-मामा, अशी. कारण नवीन फाईलवर तारीख आजची पडते, फोनच्या गॅलरीत ती आजच्या भाजीच्या फोटोशेजारी जाऊन बसते आणि दोन वर्षांनी कुणालाच सापडत नाही.

आता कन्व्हर्ट. हे का करायचं, तर एमपेग-२ बऱ्याच फोनवर चालत नाही, म्हणून एच-२६४ चित्र आणि एएसी आवाजाची एमपी-४ करायची. एच-२६५ ने फाईल लहान होते पण घरातल्या जुन्या फोन-टीव्हीवर अडते, काकांच्या फोनवर चाललं पाहिजे हे महत्त्वाचं. हँडब्रेक नावाच्या कन्व्हर्ट करायच्या सॉफ्टवेअरमधे सगळे तुकडे एकदम रांगेला लावता येतात. त्यात तीन गोष्टी बघा. पहिली, जुन्या व्हिडिओत एक फ्रेम दोन अर्ध्या भागांनी बनलेली असते, एकाआड एक ओळी, त्यामुळे कॉम्प्युटरवर कुणी हात हलवला की कंगव्यासारख्या रेघा दिसतात. डीइंटरलेस चालू करा आणि त्यात बॉब निवडा, मग सेकंदाला ५० फ्रेम मिळतात आणि हालचाल कॅसेट टीव्हीवर बघताना जशी दिसायची तशीच मऊ दिसते. दुसरी, डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ चं असतं पण त्याचे पिक्सेल चौरस नसतात, ते ७६८ बाय ५७६ करून बघायचं असतं, तसं केलं नाही तर सगळी माणसं थोडी उंच-सडपातळ दिसतात, म्हणून ॲनामॉर्फिक बंद करून योग्य साइज द्या. तिसरी, व्हीएचएसच्या, म्हणजे त्या जुन्या कॅसेटच्या चित्रात अगदी खाली एक थरथरती पट्टी असते, टीव्हीच्या कडेआड ती लपायची, इथे दिसते, खालच्या आठ-दहा ओळी क्रॉप करा. क्वालिटी आरएफ २० ला ठेवा, फाईल फार फुगली तर २२. व्हीएचएसवर जो दाणेदार किडा असतो तो हलतो आणि सॉफ्टवेअरला तो महत्त्वाचा वाटतो, त्यामुळे फाईल मूळपेक्षा मोठी पण होऊ शकते. थोडा डीनॉइज लावला तर उतरते, पण हात राखून लावा, जास्त झालं की पैठणीचे काठ पुसले जातात. वेब ऑप्टिमाइज्डवर टिक करा म्हणजे क्लिप पूर्ण डाउनलोड व्हायच्या आधीच चालू होते.

साइजचा हिशेब तोंडी करता येतो. एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट, गुणिले सेकंद भागिले आठ, आले एमबी. तुमची फाईल साधारण ४.३ जीबीची असेल तर २ तास ५० मिनिटांना सरासरी ३.४ एमबीपीएस पडतं, म्हणजे दीड मिनिटाची क्लिप ३८ एमबी आणि चार मिनिटांची १०२ एमबी. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकलं की ते स्वतः दाबतं. पूर्वी हद्द १६ एमबीची होती, त्यात दीड मिनिट बसवायचं तर १.४ एमबीपीएस मिळतं, चार मिनिटं बसवायची तर जेमतेम अर्धा, म्हणून लांब क्लिप जास्त खराब दिसायची, लोकांना वाटायचं मूळच खराब आहे. तेव्हा व्हिडिओ म्हणून टाकू नका, डॉक्युमेंट म्हणून जोडा, डॉक्युमेंटला २ जीबीपर्यंत चालतं, दर्जाला हात लागत नाही आणि तुम्ही दिलेलं नावही तसंच राहतं. व्हिडिओ म्हणून पाठवलं तर नाव बदलून नुसते आकडे येतात. वयस्कर मंडळींना डॉक्युमेंट उघडता येत नाही अशी अडचण येते, त्यांच्यासाठी तीच छोटी क्लिप एचडी निवडून व्हिडिओ म्हणून पाठवा, तीस सेकंदांच्या क्लिपला फारसा फरक पडत नाही.

ज्यांना आख्खं बघायचंय, बाहेरगावची, परदेशातली मंडळी, त्यांच्यासाठी तुकडे पाडूच नका. पूर्ण व्हिडिओ यूट्यूबवर अनलिस्टेड, म्हणजे फक्त लिंक असलेल्याला दिसेल असा करून टाका. अकाउंटला फोन नंबर व्हेरिफाय केलेला नसेल तर १५ मिनिटांच्या वरचं घेत नाही, व्हेरिफाय केलं की १२ तासांपर्यंत घेतं. खाली माहितीत तुमच्या वहीतल्या वेळा टाका, पहिली ०:०० असली पाहिजे, कमीत कमी तीन पाहिजेत आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा, मग पट्टीवर आपोआप चॅप्टर पडतात आणि माणूस थेट सप्तपदीवर जातो. लिंक शेअर करताना ठरावीक वेळेपासून सुरू होईल अशी पण देता येते, म्हणजे मावशीला मावशीच्या जागेची लिंक. इथे एक काम जरूर करा, यूट्यूबसाठीची कॉपी १४४० बाय १०८० करून चढवा. नवीन बारकावे काही येणार नाहीत, पण ५७६ ची फाईल तिथे ४८० ला उतरते आणि ५० फ्रेम फक्त ७२० किंवा त्याच्या वर मिळतात, मोठी करून टाकली की फ्रेम पण टिकतात आणि चित्र पण कमी दाबलं जातं. रीलसाठी उभी करायला जाऊ नका, उभ्या चौकटीत घातलं तर निम्म्याहून जास्त चित्र कापलं जातं, नवरा राहतो आणि नवरी जाते. वर-खाली काळं राहू द्या.

गाण्यांचं सांगायला हवं. तेव्हा हळदीला, वरातीला, पाठवणीला आम्ही लोक वरून सिनेमाची गाणी टाकायचो, मूळ आवाज काढून टाकून. यूट्यूब ते गाणं ओळखतं, अनलिस्टेड असलं तरी ओळखतं, आणि मग गाण्याच्या मालकाचा कॉपीराइट क्लेम येतो, कधी जाहिरात लागते, कधी काही देशांत दिसत नाही. एकाच व्हिडिओत सगळं असेल तर एका गाण्यापायी आख्खं लग्न अडू शकतं, म्हणून गाण्याचे भाग वेगळे काढा आणि ते व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून द्या. मंगलाष्टकं, उखाणे, आहेर यांना बहुतेक खरा आवाज असतो.

आणि काय काढून टाकायचं तेही कापतानाच ठरवा. जवळजवळ प्रत्येक जुन्या लग्नाच्या व्हिडिओत सुरुवातीला गणपती आणि मग पत्रिकेचा क्लोजअप असतो, त्यावर घरचा पूर्ण पत्ता, फोन नंबर. तो फिरू देऊ नका. अनलिस्टेड म्हणजे कुलूप नाही, ज्याच्या हातात लिंक तो बघतो आणि पुढेही पाठवतो. हळदीला आंघोळ घालतानाचे सीन, उघडी लहान मुलं, ती आज तीस वर्षांची आहेत, ते भाग घरातच ठेवा. ज्या जोडप्यांचं पुढे मोडलं त्यांचा एकत्र आहेराचा तुकडा ग्रुपवर टाकण्याआधी त्यांना फोन करा. मी हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, आणि कुणाला विचारल्याबद्दल राग आला असं आजवर झालेलं नाही.

राहिलं एक, ती मूळ कॅसेट. डीव्हीडी झाली म्हणून टाकून दिली असेल तर नाइलाज आहे, पण कपाटात असेल तर जपा, उभी ठेवा, ओलीपासून लांब. तीन तास एका ४.७ जीबीच्या डिस्कवर दाबून बसवताना बरंच गेलेलं असतं, कॅसेटवरून परत घेतलं तर अंधारातल्या वरातीत फरक दिसतो. फक्त उशीर करू नका, व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई, तिनेही २०१६ च्या जुलैत बनवणं बंद केलं, आता जे चालू व्हीसीआर आहेत ते आहेत तेवढेच. आज आधी डिस्क कॉपी करून बघा. मधे अडकली तर कुठल्या मिनिटाला अडकते ते मला कळवा, आणि कॅसेट घरात आहे का तेही आईला विचारून सांगा.